पाचवे शील आणि चौदा आण्यांचा हिशोब



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघते आहे, तुम्ही काहीतरी इतिहासावर लिहा, असा निरोप मंडळाच्या मुलांनी आम्हाला गिरणीच्या गेटवर येऊन दिला. आम्ही शाळा नववीपर्यंत शिकलेले. पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर वाचनालयात आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या खंडांत झाले. इतिहास म्हटले की लोकांना राजे आणि लढाया आठवतात. १ जानेवारीला आपण इथून जवळच कोरेगाव भीमाला जाऊन मानवंदना देतो, तो इतिहास लहान पोरांनाही पाठ आहे. पण आपल्या घरात, आपल्या ओट्यावर, आपल्याच ताटाशेजारी दीडशे वर्षे बसलेल्या एका शत्रूचा इतिहास कुणी लिहीत नाही. तो शत्रू म्हणजे दारू. यंदा त्याच्याबद्दल लिहायचे आम्ही ठरवले. काहींना राग येईल. येऊ द्या. स्मरणिकेत फक्त फोटो आणि शुभेच्छा छापायच्या असतील तर एवढा कागद कशाला घालवायचा?

ही सवय आपल्या रक्तातली नव्हे

पहिली गोष्ट डोक्यातून काढून टाकली पाहिजे. "ह्या लोकांना दारू लागतेच, जातीचाच गुण आहे," असे बोल आपल्या आज्यापणज्यांनी ऐकले. दुर्दैव असे की आपल्यातलेही काही जण हसत हसत तेच बोलतात. हे साफ खोटे आहे. दारू आपल्या रक्तात नव्हती, ती आपल्या वाट्याला घातली गेली.

जुन्या गावगाड्यात महाराच्या वाट्याला काय होते? वेशीवर पहारा, पाटलाचा सांगावा, मेलेले ढोर ओढणे आणि त्याबदल्यात बलुत्याची भाकर. कष्ट अमानुष आणि मान शून्य. देवीला बोकड आणि दारू चढवायची आणि तोच प्रसाद म्हणून घ्यायचा. लग्नात दारू, मयतात दारू, जत्रेत दारू. माणसाला माणूस म्हणून जगू द्यायचे नाही, आणि त्याने ते विसरावे म्हणून हातात गाडगे द्यायचे, असा तो व्यवहार होता.

तरीसुद्धा तेव्हाची ताडी आणि मोहाची दारू गावापुरती होती. तिचा मोठा धंदा झाला तो इंग्रजी अमलात. १८७८ साली मुंबई आबकारी कायदा आला. घरगुती गाळप बंद करून ठेकेदाराच्या भट्ट्या आणि सरकारमान्य दुकाने सुरू झाली. दुकानांचे ठेके लिलावाने जाऊ लागले. ज्याने जास्त बोली लावली त्याला जास्त खपवणे भाग होते. १८९२ साली तर मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. म्हणजे फूल झाडाखाली पडलेले, वेचणारा गरीब, पण हक्क सरकारचा! दारू कमी व्हावी हा हेतू नव्हता. दारूचा पैसा सरकारी तिजोरीत यावा हा हेतू होता.

ही लबाडी सर्वांत आधी ज्यांनी ओळखली त्यांत महात्मा जोतीराव फुले होते. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा १८८० साली त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून विरोध नोंदवला. पुढे १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निदर्शने झाली. गाडगेबाबा तर गावोगाव कीर्तनातून आयुष्यभर हेच सांगत फिरले. सांगणारे होते. ऐकून घेणारे सरकार मात्र नव्हते.

चौदा आणे आणि दोन रुपये

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या मते आपल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर ही लिहून ठेवावी.

फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात सभासद म्हणून बसले. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारसमोर एक हिशोब मांडला. मुंबई इलाख्यात सरकार माणशी शिक्षणावर खर्च करते चौदा आणे. आणि त्याच माणसाकडून आबकारीच्या रूपाने वसूल करते दोन रुपये, दोन आणे, नऊ पै. बाबासाहेबांची मागणी साधी होती. लोकांकडून दारूपोटी जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा.

हिशोब करून बघा. सोळा आण्यांचा रुपया. दोन रुपये दोन आणे नऊ पै म्हणजे पावणेपस्तीस आणे. शिक्षणाच्या जवळजवळ अडीच पट पैसा दारूतून घेतला जात होता. आम्ही गिरणीत सूत मोजणारी माणसे, आकडा आम्हाला लगेच कळतो. एका हाताने अडीच घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने एक द्यायचा, वर उपकार केल्याचा आव आणायचा!

आणि तारखेकडे लक्ष द्या. १२ मार्चला कौन्सिलात हा हिशोब, आणि पुढच्याच आठवड्यात, १९ व २० मार्चला, महाड परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह. तिथे बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, स्वाभिमानाने राहायला सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. तेव्हा स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी स्पष्ट सांगितले की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, आणि मुलामुलींना शाळेत घाला. बघा, दारू आणि शाळा त्यांच्या तोंडी एकाच दमात येतात. कौन्सिलात सरकारला तेच सांगितले आणि महाडला आयाबहिणींना तेच सांगितले. एक सोडा, दुसरे धरा.

बाबासाहेब दारूबंदीच्या कायद्याविरुद्ध का बोलले?

आता एक अवघड प्रश्न. आपली शिकलेली पोरे तो विचारतात, आणि आपण उत्तर न देता विषय बदलतो. म्हणतात, काका, बाबासाहेब तर दारूबंदीच्या विरोधात होते, मग तुम्ही कशाला उपदेश करता?

खरे आहे, आणि लपवायचे कारण नाही. १९३७ नंतर मुंबई प्रांतात काँग्रेसचे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधानसभेत होते. अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी ह्या धोरणावर कडक टीका केली. शाळा नाहीत, गरिबांच्या पोटापाण्याचे प्रश्न तसेच पडलेत, आणि सरकार मात्र आबकारीचे उत्पन्न सोडून देऊन नवे कर बसवते, हे आधी करायचे काम आहे का, असा त्यांचा सवाल होता.

पुढे स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमातही मादक पेये बंद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहेच. पण १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी दारूबंदीला विरोध नोंदवला. कारण काय दिले? दारू बंद झालीच नाही, ती घराघरांत गाळली जाऊ लागली. पूर्वी पुरुष बाहेर जाऊन पीत. आता गाळप घरात आल्यावर बायकापोरेही त्यात ओढली गेली. आणि राज्याचे उत्पन्न बुडाले ते वेगळेच.

हे भाकीत किती खरे ठरले ते आपल्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा. भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या काठाला, कालव्याच्या कडेला, उसाच्या फडात भट्ट्या लागल्या. आपल्याकडे गुऱ्हाळांना तोटा नाही. काळा गूळ, नवसागर आणि एक पत्र्याचा डबा मिळाला की हातभट्टी तयार. रात्री धूर दिसला की लहान पोरांना सांगायचे, "तिकडं जायचं नाही, तिकडं भुतं आहेत." गाळणारे आणि वाहून नेणारे बहुतेक गरीब, भूमिहीन. पोलीस आले की मार त्यांनीच खायचा. पैसे मात्र वरच्यांनी कमवायचे. ट्यूबमधली दारू सायकलच्या नळीगत अंगाला गुंडाळून बाया रेल्वेने नेत, हे आम्ही लहानपणी पॅसेंजरच्या डब्यात स्वतः पाहिले आहे. आम्ही त्या बायांना दोष देत नाही. त्यांच्या घरी चूल पेटायला दुसरे साधन नव्हते.

१९६३-६४ पासून सरकारने बंदी सैल करत आणली. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि "सरकारमान्य देशी दारूचे दुकान" ही पाटी महाराष्ट्रभर लागली. म्हणजे पंचवीस वर्षांत आपण फिरून १८७८ च्या जागी आलो. ठेका, दुकान आणि तिजोरी.

मग बाबासाहेबांचे नेमके म्हणणे काय? आमच्या अल्प बुद्धीला उमगले ते असे. १९५१ साली दारूबंदी कायद्याला विरोध करणाऱ्या बाबासाहेबांनीच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि त्यातली सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. यात विसंगती नाही. पोलिसाच्या दंडुक्याने दारू सुटत नाही, ती माणसाने स्वतः, दहा माणसांच्या समोर, शब्द देऊन सोडायची असते. पहिल्याला कायदा म्हणतात, दुसऱ्याला शील. कायदा मोडला तर हप्ता देऊन सुटता येते. शील मोडले तर कुणाला हप्ता देणार?

पाचवे शील कुठून आले?

पंचशीलातले पाचवे शील आपण पाली भाषेत म्हणतो, पण त्यातल्या शब्दांचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? त्यात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द आहेत. सुरा म्हणजे पीठ, भात, खमीर यांपासून केलेली. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांपासून आंबवलेली. आणि मज्ज म्हणजे ज्याने नशा चढते ते सारे. म्हणजे मोहाची, गुळाची, काजूची, द्राक्षाची, इंग्लिश, देशी, सगळी त्यात आली. "आम्ही दारू पीत नाही, फक्त बियर घेतो," म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी हे ध्यानात घ्यावे.

विनयपिटकात ह्या नियमाची हकीकत आहे. सागत नावाचे स्थविर होते. मोठे सामर्थ्यवान, एका भयंकर नागाला त्यांनी नमवले म्हणून त्यांची कीर्ती झाली. कोसंबीच्या उपासकांनी भक्तीच्या भरात घरोघर त्यांच्यासाठी दारू तयार ठेवली. सागत प्याले आणि नगराच्या वेशीत पडले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले आणि तथागतांकडे डोके करून निजवले, तर ते उलटे फिरून तथागतांकडेच पाय करून झोपले. तथागतांनी भिक्खूंना विचारले, नागाला नमवणारा हा सागत आज पाण्यातल्या निरुपद्रवी सापाशी तरी लढू शकेल काय? त्यानंतर नियम झाला.

ह्या गोष्टीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, पडला तो ऐरागैरा नव्हता, कर्तबगार माणूस होता. दुसरी, त्याला पाजणारे शत्रू नव्हते, प्रेम करणारे लोक होते. आपल्याकडेही पहिला ग्लास दोस्तच देतो, वैरी देत नाही.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थासाठी दारूचे सहा तोटे सांगितले आहेत. डोळ्यांदेखत पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज सुटते आणि बुद्धी मंद होते. अडीच हजार वर्षांत ह्या यादीतला एकही तोटा कमी झालेला नाही. आजच्या डॉक्टरांनी फक्त त्याला नावे दिली. लिव्हर सिऱ्हॉसिस, जठराच्या जखमा, मेंदूची हानी, तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर. दारूचे सुरक्षित असे कोणतेच प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले.

संपानंतरची वर्षे

आता घरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहायचा आम्हाला अधिकार नाही.

आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. पूर्वी गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाने त्यांचा धर्म बाटत असे! पगार जास्त तिथे बंदी, कमी तिथे भरती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला होता. वडिलांच्या काळापर्यंत ते बरेच निवळले होते. ते महिन्याला मनिऑर्डर धाडत, दिवाळीला येत, आणि खुटबाव स्टेशनावर उतरताना त्यांच्या हातात आमच्यासाठी वह्यांचा गठ्ठा असे. तेव्हा ते पीत नव्हते. शपथेला जागणारा माणूस.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्या संपाचा शेवट कुणी जाहीरच केला नाही. वडील काही महिने खोलीवर थांबले, मग गावी आले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. साच्यावरचा कारागीर माणूस लोकांच्या उसाच्या लागणीला जाऊ लागला. हातातले काम जाते तेव्हा नुसता पगार जात नाही, माणसाची किंमत जाते. सुरुवात "अंग दुखतं म्हणून थोडी" अशी झाली. मग क्वार्टर. मग आईची डोरली. मग वह्या बंद, आणि नववीनंतर आमची शाळा बंद. वडील गेले तेव्हा पोटात पाणी झाले होते. डॉक्टरांनी दोन शब्दांत कारण सांगितले. आम्हाला ते कारण अपुरे वाटले, अजूनही वाटते. लिव्हर शेवटी खराब झाले, माणूस त्याच्या आधीच मोडला होता.

त्याच वर्षांत मुंबईच्या गल्ल्यांत गर्द आली होती. ब्राऊन शुगर. बंद भोंग्यांच्या वस्तीत रिकामी पोरे कोपऱ्यावर बसलेली, आणि चांदीच्या कागदावरचा धूर. १९८५ साली सरकारने अमली पदार्थविरोधी कडक कायदा केला. डॉ. अनिल अवचट यांनी ह्या विषयावर 'गर्द' पुस्तक लिहिले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्यासाठी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदत दिली. आपल्या जिल्ह्यातली ही मोठी गोष्ट आहे. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून आजारी आहे, हे इथे कृतीने दाखवले गेले.

आणि आम्ही? आम्हाला वडिलांचा मृत्यू पाहून शहाणपण यायला हवे होते. आले नाही. इकडच्या गिरणीत लागलो. पगाराच्या दिवशी मुकादमच गेटबाहेर दहा जणांना घेऊन बसे, आणि जो बसणार नाही त्याला पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. आम्ही बसलो. बारा वर्षे बसलो. पौर्णिमेला विहारात यायचो, हात जोडून शीलही घ्यायचो. एका वैशाखी पौर्णिमेला वंदना चालू असताना शेजारच्या म्हाताऱ्या आक्का हळूच म्हणाल्या, "बाळा, हात खाली घे. तोंडाला वास येतोय. खोटं तरी बोलू नको त्याच्यापुढं."

त्या मोठ्याने बोलल्या असत्या तर आम्ही भांडलो असतो. त्या हळू बोलल्या म्हणून घाव बसला. त्या दिवशी सुटली असे नाही. दोनदा सोडली, दोनदा धरली. तिसऱ्यांदा डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली, तेव्हा सुटली. आक्का आता नाहीत. त्यांच्या पुण्याईने आम्ही आज हे लिहायला शुद्धीवर आहोत.

दारात आलेले नवे संकट

जुन्या शत्रूशी लढताना नवा शत्रू आपल्या तालुक्यातच येऊन बसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर छापा घातला आणि शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. पोरांच्या भाषेत 'एम. डी.'. पुणे, दिल्लीपर्यंत धागे निघाले. आपल्या गावातली पोरे रोज बसने जिथे कामाला जातात, तिथली ही गोष्ट.

मेफेड्रोन अफूसारखे शेतात पिकत नाही. ते रसायनांपासून कारखान्यात बनते, म्हणून कुठेही बनू शकते. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. सुरुवातीला झोप येत नाही, भूक लागत नाही, अंगात जोर आल्यासारखे वाटते. मग संशय, भास, छातीत धडधड, आणि पुन्हा तेच हवे. दारूचा वास येतो, आईला कळते. ह्याचा वास येत नाही. पोरगा रात्रभर जागतोय, वजन घटतेय, घरातल्या वस्तू जाताहेत, मित्र एकदम बदललेत, ही लक्षणे दिसली तर "अभ्यास करत असेल" म्हणून सोडू नका.

विषारी दारूचेही तसेच. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. सगळी हातावर पोट असणारी. हे मिथेनॉल नावाचे औद्योगिक स्पिरिट. दिसायला, वासाला दारूसारखेच. पोटात गेल्यावर शरीर त्याचे आम्ल करते, आधी नजर जाते, मग जीव जातो. पिऊन आल्यावर कुणी "अंधुक दिसतंय" म्हणाला तर झोपवून ठेवू नका, त्याच पावली दवाखान्यात न्या.

हिशोब अजून चुकता झाला नाही

१९२७ चा हिशोब आज काय सांगतो? महाराष्ट्र सरकारला दारूपासून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून जास्त महसूल मिळतो. जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरचे कर वाढवले ते चौदा हजार कोटींची भर पडावी म्हणून. ४ मे २०२० ला, टाळेबंदीत शाळा आणि विहार बंद असताना, दारूच्या दुकानांपुढे मैलभर रांगा लागल्या त्या आपण पाहिल्या. त्या रांगेत आपली माणसे होती हे नाकारून चालणार नाही. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि पावणेसहा कोटींना तिच्यामुळे मदतीची गरज आहे, असे निघाले.

म्हणून नुसते भाषण नको. विहाराच्या ह्या वर्धापन दिनी आम्ही समाजापुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पिऊन येणाऱ्याला घरच्याच माणसांनी हाताला धरून घरी न्यावे. मारायचे नाही, शिवी द्यायची नाही, पण नाचूही द्यायचे नाही. बाबासाहेबांच्या फोटोपुढे झिंगणे म्हणजे सतराव्या प्रतिज्ञेचा जाहीर भंग आहे.

दुसरी, बायांनी आपला हक्क ओळखावा. गडचिरोलीच्या लोकांनी आणि महिलांनी चळवळ करून १९९३ साली जिल्हा दारूबंद करून घेतला. वर्धा त्याआधीच झाला होता. चंद्रपूरची बंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली, त्यावरून कायदा किती डळमळीत असतो ते दिसते. पण २००८ च्या आदेशाने गावाच्या हाती एक साधन आहे. गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी केली की गुप्त मतदान घेतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. ध्यानात ठेवा, झालेल्या मतांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या निम्मी. जी बाई त्या दिवशी घरी बसली, तिचे मत दुकानालाच गेले समजा.

तिसरी, व्यसनी माणसाला वाळीत टाकू नका. वाळीत टाकणे म्हणजे काय ते आपल्याइतके कुणाला ठाऊक? वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून त्याला कोंडून ठेवू नका, अंगारा लावू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. मुक्तांगण आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आहेत. एकदा घसरला म्हणून हसू नका. आम्हीही दोनदा घसरलो.

चौथी आणि शेवटची. विहारात एक पेटी ठेवावी. तिच्यावर "चौदा आणे" एवढेच लिहावे. ज्या घरात दारू येत नाही त्या घराने आठवड्याला एका क्वार्टरचे पैसे तीत टाकावे. ज्या घरात येते त्याने दोन क्वार्टरचे टाकावे, म्हणजे हिशोब त्यालाही कळेल. पैसा पोरांच्या पुस्तकांना आणि अभ्यासिकेला जाईल. सरकारने आपला हिशोब जवळजवळ शंभर वर्षे चुकता केला नाही. त्याच्याशी भांडण चालूच ठेवू. पण आपल्या वस्तीतला हिशोब आपल्या हातात आहे, तो तरी चुकता करू.

पहिले पैसे आम्ही टाकतो. वडिलांच्या नावाने. आमच्या नववीनंतरच्या न मिळालेल्या वह्यांच्या नावाने.

जयभीम! नमो बुद्धाय!